मातीच्या बैलांची सावड

बेला, तालुका आदिलाबाद
भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८७९

तीर्थरूप मामांच्या पायांवर चारूचं डोकं. (लांबूनच. जवळ असते तर तुम्ही ते डोकं धरून सरळ यवतमाळला नेलं असतंत.)

इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे पावसाळ्यात जसे बोलतात तसे बोलताहेत, पण ती त्यांचं ऐकत नाही. तुमचा दमा, तुमचा स्टोव्ह आणि तुमचा स्वभाव हे तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करते. मामी गेल्यापासून स्टोव्हने तुमच्यावर डूख धरला आहे असं तुम्हीच मागे लिहिलं होतं, आणि तुमचा चंद्रहास नोकरीसाठी मुंबईला गेल्यापासून तर त्याच्यावर दूध उतू घालायलाही घरात दुसरं कोणी उरलेलं नाही. तेव्हा पंप जपून मारावा.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर तुम्ही 'आंध्र प्रदेश' ही अक्षरं इतकी जाड काढलीत की पोस्टमनने पाकीट हातात देताना घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मामा, तुम्ही जन्मभर ड्रॉइंग मास्तर होतात, आणि रेघेच्या जाडीवरून काढणाऱ्याचं मन कळतं हे तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा आता कळलं म्हणून रागावू नका. आत तुम्ही लिहिता की चारू परराज्यात, परभाषेत, परक्या लोकांत एकटी पडली आहे. पत्र वाचून मी मुद्दाम अंगणात जाऊन पाहिलं. घर होतं तिथेच आहे. कडुलिंब तिथेच आहे, शेजारची म्हैस तिथेच आहे आणि तिची आमच्या भेंडीवरची नजरही तीच आहे. आम्ही कुठेही गेलो नाही हो, सरहद्दच इकडून तिकडे फिरते आहे. किनवट तिकडे गेलं, बेला इकडे राहिलं, यात बेल्याने कोणाचं काय घोडं मारलं? आणि तुम्ही विसरलात म्हणून सांगते, आई लग्न होऊन पैनगंगा ओलांडून आली तेव्हा तुम्ही इंग्रजांचे होतात आणि बाबा निजामाचे. नदीच्या अलीकडे रुपया निराळा, पलीकडे निराळा. (आईच्या ओटीत तुमच्याकडून आलेला रुपया इथल्या वाण्याने उलटासुलटा करून पाहिला होता, ही गोष्ट ती अजून सांगते.) तेव्हा कोणी परराज्य म्हणालं नाही. तेव्हा म्हणाले, स्थळ चांगलं आहे.

असो. तुम्ही तिथल्या मुलींच्या शाळेत माझ्यासाठी ड्रॉइंग टीचरची जागा बोलून ठेवली आहे, घराची मागची खोली आईसाठी झाडून घेतली आहे, आणि मी फक्त 'हो' म्हणून निघायचं आहे. एवढं सगळं माझ्यासाठी केलंत याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. त्याचं उत्तर देतेच. पण आधी इथे पोळ्याला काय घडलं ते ऐका, कारण ते ऐकल्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला नुसता उर्मटपणा वाटेल. (ऐकल्यावरही वाटेल, पण मग त्याला कारण असेल.)

तुम्हाला ठाऊक आहे की मी इथल्या मराठी शाळांची हस्तकला शिक्षिका. गावोगाव जाऊन मास्तरांना कागद, माती, बांबू हातात घ्यायला शिकवायचं, म्हणजे ते पोरांना शिकवतील, अशी ती योजना. राज्यं जोडली-तोडली गेली त्या गडबडीत माझी ही जागा दफ्तराच्या कुठल्या तरी कप्प्यात तशीच राहून गेली होती. या पावसाळ्यात मी पोळ्याच्या आधी तीन दिवस बेल्याच्या शाळेत मातीकामाचं शिबिर मागितलं. मास्तरांबरोबर गावातल्या बायाबाप्यांनाही बोलवायचं ठरवलं, कारण पोरं दिवसातले पाच तास मास्तरांकडे असतात आणि उरलेले त्यांच्याकडे. मंजुरी आली आणि तिच्याबरोबर हुकूम आला. हुकूम असा की मराठी शाळांच्या मास्तरांचं शिबिर वेगळं घ्या, तेलुगू शाळांच्या मास्तरांचं वेगळं घ्या, याद्या वेगळ्या ठेवा आणि तयार झालेल्या वस्तूही वेगळ्या ठेवा. मामा, मी रागीट असेन पण बिनडोक नाही. मराठीची यादी वेगळी काढली तर त्यात सात मास्तर. सात माणसांसाठी कोणतंही सरकार एक शिक्षिका पोसत नाही. वेगळी यादी म्हणजे कात्री कुठे चालवायची त्याची आखून दिलेली रेघ. मी हुकूम नीट वाचला, घडी घालून जागेवर ठेवला, आणि सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं.

आले की सगळे. गावच्या मराठी शाळेचे मुख्य आमचे चिंतामणी मास्तर, त्यांना तुम्ही आईच्या मंगळागौरीच्या उद्यापनात पाहिलं असेल, जानवं उजव्या कानावर आणि छत्री डाव्या काखेत. निजाम गेला, मिलिटरीचा अंमल आला, हैदराबाद स्टेट झालं, आता हे नवं राज्य आलं, पण साहेबापुढे चिंतामणी मास्तरांच्या कमरेला जो बाक येतो तो एका बोटाने कमी झाला नाही. आणि समोर नव्या तेलुगू शाळेचे पोशेट्टी मास्तर. हे निर्मलकडचे. निर्मलचा माणूस म्हणजे लाकडी खेळणी खेळतच जन्माला आला असणार, अशी सगळ्या गावाची खात्री, आणि या बिचाऱ्याने उभ्या आयुष्यात पाटीवर फूलसुद्धा काढलेलं नाही. चिंतामणी मास्तरांच्या मते पोशेट्टी हे त्यांची शाळा गिळायला आले आहेत. दोन्ही शाळा एकाच आवारात, मध्ये एक चाफ्याचं झाड. गेल्या कार्तिकापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. घंटासुद्धा वेगळ्या वाजवायचे, आणि दोन घंटांच्या मधल्या वेळात पोरं दोन्ही शाळांतून पळून जायची.

पहिला दिवस मातीत गेला. मी वारुळाची माती आणायला सांगितली होती. शेतकरी मंडळींना ते अपमानाचं वाटलं. आपली काळी कसदार जमीन असताना मुंग्यांची माती कशाला, म्हणून प्रत्येकाने आपापल्या वावरातली काळी आणली, ती कशी भारी याची भाषणं केली, आणि दुपारच्या उन्हात प्रत्येकाच्या भारी मातीला भेगा गेल्या. मग मी म्हटलं की मातीत कापूस कुटून घाला, म्हणजे ती धरून राहील. कापूस मातीत? वर्षभर जो जिवापाड राखायचा, तो पायाखाली तुडवायचा? चंपतराव म्हणून इथले एक जाणते शेतकरी आहेत, ते उठून चालते झाले. (कोपऱ्यापर्यंत गेले आणि आपल्यामागून कोणी येत नाही असं पाहून परत आले.) शेवटी शाळेच्या कपाटावर पडलेली, चिंतामणी मास्तर दुपारी जिच्यावर पाठ टेकतात ती जुनी गादी मी सगळ्यांसमक्ष उसवली. तिच्यातला कापूस कोणाच्याच लक्ष्मीचा नव्हता. मास्तरांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण माती जमली.

आणि दुसऱ्या दिवशी मी चूक केली. माझ्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की प्रत्येकाला एकच वस्तू द्यावी, सोपी आणि ओळखीची. मी सांगितलं, प्रत्येकाने एक बैल करायचा. मास्तर लोक लगेच कामाला लागले, कारण मास्तरांना सांगितलेलं करायची सवय असते. पण गावकरी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला वाटलं, कापसाचा राग अजून गेला नाही. तेव्हा चंपतरावांनी विचारलं, "बाई, एकच बैल काऊन करू म्या? एका बैलानं काय होते?"

मामा, मी यवतमाळला तुमच्या अंगणात माती मळायला शिकले, शहाण्यासारखी दोन परीक्षा पास झाले, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. इथे बैल कधी एक नसतो. एक बैल म्हणजे दुसरा मेला. पोळ्याच्या तोरणाखाली एकटा बैल कोणी नेत नाही, आणि ज्याच्याकडे खरंच एक उरला असेल तो दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी सावड करतो. तुझा एक, माझा एक, मिळून जोडी. आज तुझं वावर, उद्या माझं. सावड म्हणजे नुसता तोंडी करार नव्हे. सावड झाली की त्या घरचं पाणी चालतं, दुखण्याखुपण्याला धावून जायचं असतं, आणि हंगाम चालू असताना ती मोडणाऱ्याला गावात कोणी तंबाखू देत नाही. माती तर प्रत्येकाला एकेका बैलापुरतीच होती. तेव्हा बयनाबाईंनी (या चंपतरावांच्या थोरल्या भावजय, गावात पाटील कोण याबद्दल दोन मतं असतील पण बयनाबाईंबद्दल एकच मत आहे) फैसला दिला की सगळ्यांनी एकेक करा आणि मग सावड लावा.

त्यानंतर माझं शिबिर माझं राहिलं नाही. त्याचा बैलबाजार झाला. लोक आपला ओला बैल पाटावर घेऊन खोलीभर फिरू लागले, दुसऱ्याच्या बैलाच्या उंचीला उंची लावून पाहू लागले. शिंगं जुळतात तर वशिंड जुळेना. एकाने समोरच्याच्या मातीच्या बैलाचं तोंड उघडून दात बघायचा प्रयत्न केला आणि जबडा हातात आला. भाषा कोणाच्या लक्षात राहिली नाही. तेलुगू शाळेच्या धाकट्या मास्तरांचा बैल गावातल्या प्रयागबाईंच्या बैलाशी जमला, दोघांनाही एकमेकांचं बोलणं धड कळत नव्हतं, पण शेपटी डावीकडे वळवायची की उजवीकडे यावर दोघे तासभर भांडले आणि शेवटी हसत पाणी प्यायले. मी मध्ये उभी राहून चिकणमातीचे चार शास्त्रीय नियम सांगत होते. ऐकायला फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या जोड्या लागल्या आणि दोन बैल उरले. एक पोशेट्टी मास्तरांचा. निर्मलची अब्रू राखायची म्हणून त्यांनी आपल्या वाट्याची माती तर लावलीच, वर आदल्या दिवशीचे वाया गेलेले गोळेही लावले. तो बैल बसलेल्या हत्तीएवढा झाला होता. दुसरा चिंतामणी मास्तरांचा. त्यांनी काटकसर केली होती. चंपतरावांनी तो तळहातावर घेतला, खरा बैल पारखावा तसा चहूबाजूंनी पाहिला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, बैल चांगला हाय, पन ह्यो बकरी हाय." मास्तरांच्या बैलाला सगळ्या खोलीने नाकारलं. जो माणूस चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं पास-नापास करत आला, तो त्या दिवशी आपला बकरीएवढा बैल घेऊन कोपऱ्यात बसला होता. गादी उसवण्याची माझी सगळी मजा गेली, मामा. मला फार वाईट वाटलं.

बयनाबाईंना वाईट वाटायला वेळ नसतो. त्या उठल्या, विळी घेतली, पोशेट्टी मास्तरांच्या बैलाचं ढुंगण कापलं आणि तो गोळा चिंतामणी मास्तरांच्या बैलावर थापला. दोघेही एकदम ओरडले, एक तेलुगूत, एक मराठीत. बाई म्हणाल्या, "आता बसा समोरासमोर अन् सारखे करा." आणि बसले की! एवढ्या लोकांपुढे करणार काय? पोशेट्टी मास्तर आपल्या बैलाची माती काढत गेले, चिंतामणी मास्तर ती आपल्याला लावत गेले. पाय त्यांनी वाढवले, शिंगं यांनी घासली. एकाचं वशिंड जमेना तेव्हा दुसऱ्याने हात पुढे केला. पहिला शब्द कोण बोललं ते मी पाहिलं नाही, पण दिवे लावायच्या वेळी चिंतामणी मास्तर पोशेट्टींना सांगत होते की बैलाची मान नेहमी खालून घ्यावी, आणि पोशेट्टी मास्तर मोडक्या वऱ्हाडीत विचारत होते, "मंग तुमी काऊन वरून घेतली?"

तिसरा दिवस खांदशेकणीचा. तुमच्याकडेही करतातच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. घरचे बैल झाल्यावर बायका तुपाच्या वाट्या घेऊन शाळेत आल्या. आमचे बैल अजून पुरते वाळले नव्हते, चोळून चोळून त्यांचे खांदे सपाट होत चालले होते. मी ओरडत होते आणि त्या एकेका जोडीपुढे बसून सांगत होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नेमक्या त्याच वेळी दारात इन्स्पेक्टरसाहेब उभे राहिले.

हे नवे. (आमच्या जुन्या निजामी दफ्तराच्या बोलीत यांना मोहतमीम म्हणायचे, नाव बदललं, फाइल धरायची पद्धत तीच.) समुद्राकडच्या जिल्ह्यातून बदलून आलेले, सकाळपासून चिखलात तीनदा मोटार ढकललेले, आणि माणूस म्हणून काही वाईट नव्हेत, हे मी आताच लिहून ठेवते, कारण पुढे मला त्यांच्याबद्दल बरं लिहायला जमणार नाही. त्यांनी खोलीत एकत्र बसलेले सगळे मास्तर पाहिले. मग बैल पाहिले. मग मला पाहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तेलुगू शाळांच्या वस्तू जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी आताच पेटीत भरून न्यायच्या आहेत, मराठी शाळांच्या वस्तूंसाठी तूर्त काही तरतूद नाही, तेव्हा त्या इथेच राहू द्या. त्यांचं समुद्राकडचं तेलुगू पोशेट्टी मास्तरांना निम्मंच कळत होतं, ते आपल्या परीने त्याची हिंदी करत होते, आणि चंपतराव त्या हिंदीची वऱ्हाडी करून मागच्या रांगेपर्यंत पोचवत होते. हुकूम मागच्या रांगेत पोचला तेव्हा बायकांचे हात थांबले. चंपतराव एवढंच म्हणाले, "सायेब, जोडी फोडता येत नाई. अन् आवतन देल्लं हाय, उपाशी कसे धाडू?"

साहेब हसले. त्यांना वाटलं, अडाणी लोकांची भाबडी श्रद्धा. त्यांनी विचारलं, ठीक आहे, निदान यातले तेलुगू बैल कोणते ते सांगा, मी कागदावर लिहून घेतो, नेतो पोळ्यानंतर. आणि हा प्रश्न त्यांनी विचारला चिंतामणी मास्तरांना.

मामा, त्या एका उत्तरात माझी नोकरी होती, पण तेवढंच नाही. मास्तरांनी एकदा बोट दाखवायला सुरुवात केली की हा तुमचा, हा आमचा, मग तीन दिवस त्या खोलीत जे झालं ते झालंच नव्हतं असं झालं असतं. आणि हा माणूस साहेबाला आजवर 'नाही' म्हणालेला कोणीही पाहिला नव्हता. त्यांची कंबर सवयीने वाकली. ते पाटाकडे गेले. आपल्या आणि पोशेट्टींच्या बैलांपुढे बराच वेळ ओणवे उभे राहिले. मला वाटतं, तो माणूस खरंच हुकूम पाळायला गेला होता आणि त्याला खरंच सांगता येईना. मग ते सरळ उभे राहिले. एवढे सरळ, की त्यांची उंची किती आहे ते गावाला त्या दिवशी कळलं. म्हणाले, "साहेब, यात तेलुगू बैल नाही. मराठीही नाही. यांची सावड झाली आहे." पोशेट्टी मास्तरांनी त्याचं तेलुगू केलं. आणि बहुधा थोडं वाढवूनच केलं, कारण साहेबांचा चेहरा वाक्याच्या लांबीपेक्षा जास्त लाल झाला.

पुढचं सगळं माझ्यावर आलं, ते बरोबरच होतं. साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावून इंग्रजीत विचारलं की हुकूम पोचला नव्हता का. पळवाट होती, मामा. पोस्ट उशिरा येतं, हुकूम तेलुगूत होता, मी बाईमाणूस, काय वाटेल ते सांगता आलं असतं. मी म्हटलं, पोचला, वाचला, समजला, पाळला नाही. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं. तीन ओळी, खाली सही, अक्षर तुम्ही वळवून दिलेलं. सहीची रेघ जाड आली, हे तुमच्यापासून लपवत नाही.

आणि आता आमच्या लोकांचं कौतुक ऐका. त्या रात्री पावसाने मोटार अडकली, साहेबांना गावात राहावं लागलं. बयनाबाईंनी बैलांबरोबर त्यांनाही आवतण देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी तोरणाखालून खऱ्या बैलांच्या मागोमाग पाटावरचे आमचे मातीचे बैल निघाले, जोडीजोडीने, चिंतामणी आणि पोशेट्टी यांनी एक पाट दोन बाजूंनी धरलेला, आणि दोघेही एकमेकांना सांगत होते की तुमच्या बाजूने कलतो आहे. साहेबांनी चिंतामणी मास्तरांच्या घरी पुरणपोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली, आणि मग तिथेच ओट्यावर बसून माझ्याविरुद्ध रिपोर्ट लिहिला. दोन्ही कामं मन लावून केली.

रिपोर्टचा निकाल कालच हाती आला. शिबिरं बंद, माझी जागा दिवाळीपर्यंत, पुढे गरज नाही. तुम्ही आता म्हणाल, मग झालंच की! यवतमाळची जागा आहे, खोली झाडलेली आहे, ये. मामा, नोकरी गेली म्हणून मी आले असते तर तुम्ही मला घेतलं असतंत, आणि मी मुलींना आंबा, कलश आणि कमळ शिकवत म्हातारी झाले असते. पण मी येणार नाही. पुढचं शिबिर दसऱ्यानंतर आहे. मंजुरी नाही, यादी नाही, शाळेची खोली मिळणार नाही. चंपतरावांचा गोठा आहे. दोन्ही शाळांचे मास्तर सुट्टीच्या दिवशी येणार आहेत, चिंतामणी मास्तरांनी स्वतः येऊन सांगितलं. (छत्री विसरून गेले, एवढे घाईत आले होते.) बायका म्हणतात, या वेळी भिंती रंगवायच्या, माती पुरे झाली. पगार नाही, पण ज्वारी प्रत्येक घरातून पायली-पायली येणार आहे, आणि आई म्हणते की ज्वारीवर माणसं जगतात, तिने पाहिलं आहे. मला परक्यांत एकटी म्हणू नका. माझा राग आला तर येऊ द्या, पण ते वाक्य परत लिहू नका.

चंद्रहासला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार, आणि स्टोव्हला माझी ताकीद.

तुमचीच, हट्टी आणि ठणठणीत,
चारुशीला

ता. क. शाळेच्या मंडळींना उत्तर द्यायची मुदत नवमीपर्यंत होती असं तुम्ही लिहिलं होतं. आज दशमी. हे पत्र चार-पाच दिवसांपूर्वीच लिहायला घेता आलं असतं. मुद्दाम घेतलं नाही, कारण तुम्ही पत्र वाचून माझ्या वतीने 'हो' कळवलं असतंत, आणि तुमच्यापुढे मला दोनदा 'नाही' म्हणता आलं नसतं.

आणखी ता. क. मला माती येते, भिंत येत नाही. चुना कसा मुरवायचा, गेरू किती घालायचा, भिंतीवर मोठी आकृती खांद्यातून कशी ओढायची, हे फक्त तुम्हाला येतं, आणि ते तुम्ही मला शिकवायच्या आधीच मी परीक्षेच्या मागे लागले. ही गोष्ट मी बयनाबाईंना सांगितली. त्यांनी विचारलं, मामा तिकडे कोणाजवळ राहतात? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, कोणाजवळच नाही? मी पुन्हा सांगितलं, आणि सांगताना मला कळलं की तुमच्या पत्रातलं ते एकटं पडण्याचं वाक्य माझ्याबद्दलचं नव्हतंच. बयनाबाई म्हणाल्या, "मंग त्याहिलेच इकडं आना ना. इतका इचार कायचा करून राह्यल्या तुमी?"

शेवटचं. पत्र पोस्टात टाकलेलं नाही, चंपतरावांच्या हाती देते आहे. पैनगंगेचं पाणी उतरलं आहे, डोंगा सुरू झाला आहे, अलीकडच्या काठावर त्यांची गाडी कडबा आणि वर सतरंजी घालून तयार असेल. तुम्ही हे वाचताय तेव्हा ते तुमच्या ओट्यावर बसलेले असणार, त्यांना आधी चहा द्या. मग कुलूप शोधा. पेटी ते उचलतील. नको, पुढच्या महिन्यात बघू, दमा आहे, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यांना सांगून काही उपयोग नाही. मी त्यांना तुमचा नकार ऐकून घेण्याचा अधिकारच दिलेला नाही. आईने मागची खोली झाडून ठेवली आहे.